खिडकीपाशी एक जास्त

१

काळजी केंद्रात शिरल्यावर मोजणीबाई आधी कागद काढत नसे. आधी माणसं, मग कागद, असा तिचा खाक्या. बाकीचे मोजणीवाले दारातल्या टेबलाशी बसत, चहा घेत, नोंदवहीतला आकडा उतरवून घेत आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत मोकळे होत. सरकारचंही तेवढ्यावर भागत होतं. हिचं भागत नसे. वहीत माणसं नसतात, वहीत शाई असते, असं ती तोंडावर सांगायची. म्हणूनच कचेरीत तिच्याशी फारसं कुणी गप्पा मारायला येत नसे.

तिच्या कोटाच्या उजव्या खिशात साठ बटणं असत. खोलीखोलीतून चालायचं, प्रत्येक माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि माणसागणिक एक बटण डाव्या खिशात टाकायचं. बटणं आईच्या डब्यातली. आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. डोळे अधू झाले, शिवणयंत्र गेलं, डबा तेवढा राहिला. पहिलं बटण नेहमी ठरलेलं. मोठं, तपकिरी, कडेचा टवका उडालेलं. ते तिच्या शाळेतल्या कोटाचं होतं. टवक्याची धार बोटाला लगेच लागायची, म्हणून मोजणीची सुरुवात त्याच्यापासून.

या वेळची पाहणी प्रौढांच्या निवासी काळजी केंद्रांची होती. म्हातारी, आजारी, घरी एकटं ठेवता येत नाहीत अशी माणसं जिथे राहतात, ती घरं. हिच्या वाट्याला अकरा आली होती. खाटा किती, माणसं किती, आंघोळीला मदत किती जणांना लागते, खोलीची वाट किती जण विसरतात. शिवाय आकड्यांच्या तक्त्यावरून तीन माणसं निवडायची आणि त्यांची माहिती सेविकांना विचारायची. त्या माणसांना नाही, सेविकांना. ज्याच्याबद्दल प्रश्न तो समोर बसलेला आणि उत्तर देणारं दुसरंच कुणी. हा नियम ज्याने केला त्याला एकदा खुर्चीत बसवून त्याची माहिती शेजाऱ्याला विचारली पाहिजे.

पहिल्या केंद्रात वहीत तेवीस माणसं होती. डाव्या खिशातून चोवीस बटणं निघाली.

"मला मोजलंत की काय?" मुख्य सेविका म्हणाली. "सकाळपासून उभ्याउभ्या डुलक्या काढतेय. तुम्हाला वाटलं असेल, हिलाही आता खाटेची गरज आहे."

"कामावरच्या माणसाला मी मोजत नाही."

"मग मांजराला मोजलंत. ते आमच्यापेक्षा जास्त दिवस आहे इथे."

दोघी पुन्हा फिरल्या. सेविका नावं घेत पुढे, ही बटणं टाकत मागे. तेवीस. सेविकेने भुवया उंचावल्या आणि मोजणीबाईने निमूटपणे तेवीस भरले. तीस वर्षांत तिची मोजणी चुकली नव्हती. पण माणूस आहे, एकदा चुकतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

बाहेरच्या फाटकापाशी आल्यावर तिला ती चोविसावी आठवली. बसायच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशी, पाठमोरी. करडा स्वेटर, मान खाली. मांडीवर टॉवेल होता आणि ती त्याची कड दुमडून नखाने घडी पाडत होती. दुसऱ्या फेरीत त्या खुर्चीवर नुसता टॉवेल होता.

चारही कडा दुमडलेल्या होत्या.

२

"आज उशीर केलास, चिमे," आई म्हणाली.

चिमी चौपन्न वर्षांची होती. तिने कोट काढला, चपला सरळ ठेवल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

"मोजणी चुकली. एक जास्त आलं."

"कमी येण्यापेक्षा बरं." आई खुर्चीत बसून रुमालाशी चाळा करत होती. "ऊन मात्र फार. एवढी मोठी पश्चिमेची खिडकी, पडदा लावायला काय होतं मेल्यांना?"

चिमीचा हात चहाच्या डब्यातच राहिला. त्यांच्या दोन खोल्या. दोन्ही खिडक्या पूर्वेला. दुपारी बारानंतर या घरात ऊन येतच नाही.

"आपल्याकडे कुठली गं पश्चिमेची खिडकी?"

"नाहीच. म्हणून तर म्हणते, सवय नाही."

आई हल्ली असं बोलायची. गेल्या थंडीपासून तिच्या डोक्यातले टाके उसवायला लागले होते. इस्त्री चालू राहिली आणि टेबल जळालं. जिना उतरून गेली आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारत बसली, माझं दुकान कुठे हलवलं म्हणून. मग एक दिवस न्हाणीत पडली आणि दोन तास तिथेच पडून राहिली. लेक त्या वेळी कुठे होती? शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्यांच्या आया मोजत.

त्याच आठवड्यात मोजणीबाईने ते केलं. केंद्रांची यादी पक्की करायला ती अकराही ठिकाणी एकेक फेरी मारत होती. जागा कुठेच नव्हती, सगळीकडे वाट पाहणाऱ्यांच्या लांबलचक याद्या. तिने पहिल्या केंद्रात आईच्या नावाचा अर्ज भरला. मग दुसऱ्यात भरला. मग हात थांबलाच नाही. अकराच्या अकरा. अर्जावर एक ओळ असायची, "या व्यक्तीसाठी अन्यत्र अर्ज केलेला नाही", त्यापुढे तिने अकरा वेळा बरोबरची खूण केली आणि अकरा वेळा सही ठोकली. जिथली जागा आधी निघेल तिथे आई सुखरूप राहील, एवढंच तिच्या मनात होतं.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायला जीभ रेटली नाही.

३

दुसऱ्या केंद्रात वहीत एक्केचाळीस होते. बटणं बेचाळीस.

या वेळी तिने दुसरी फेरी मारली नाही. निवडीचा तक्ता काढला, बोट ठेवलं. सातवा, सतरावा, एकोणतिसावा माणूस. सातव्याची माहिती झाली. मग ती म्हणाली, "सतरावं माणूस. माझ्या मोजणीत ते जेवणघराच्या कोपऱ्यात होतं. खिडकीजवळ."

"हां, त्या आजी." सेविका थोराड होती, हातात धुतलेल्या चादरींची चळत. "विचारा."

"चालतात?"

"आपल्या आपण. उजवी चप्पल जरा फरफटते."

"जेवतात हाताने?"

"जेवतात. पाव मात्र कातरतात, कापत नाहीत. कडाकडा आधी काढतात, मग मधलं खातात."

मोजणीबाईची पेन्सिल थांबली. तिने ती पुन्हा टेकवली. "विसरतात?"

"दिवसभर सुई मागतात. आम्ही देत नाही, टोचून घेतील. मग हवेतच ओवतात बिचाऱ्या. गोड आहेत. माझ्या झग्याला टाके घालायचे म्हणत होत्या काल."

"किती दिवस झाले येऊन?"

"आठवडा झाला असेल." सेविकेने चळत खाली ठेवली. "की जास्त? थांबा हं."

पुढचा प्रश्न कागदावर छापलेलाच होता, तो विचारणं भाग होतं. "गेल्या महिन्यात भेटायला कुणी आलं होतं?"

"लेक येऊन गेली म्हणतात. कागद भरले नि गेली, असं सांगत होत्या." आणि मग, वही चाळता चाळता, सेविकेचा आवाज उतरला. "ताई, यांची खाट कुठली, ते सापडत नाहीये. मीच तर चादर बदलते त्यांची. कुठल्या खाटेची बदलते मी?"

तिने वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. शेवटी सेविका हसली, पण ते हसू काही जमलं नाही.

"पाळी बदलताना होतं असं," ती म्हणाली.

"होतं," मोजणीबाई म्हणाली.

जेवणघराकडे न पाहता ती बाहेर पडली. जगात करडे स्वेटर घालणाऱ्या, पावाच्या कडा काढणाऱ्या म्हाताऱ्या काय थोड्या आहेत? शिवणारी बाई काय एकटी आपलीच आई? बसथांब्यापर्यंत तिने हे स्वतःला तीनदा सांगितलं. पटलं असतं तर एकदा पुरलं असतं.

४

वरच्या मजल्यावरची शेजारीण दुपारी आईकडे बघायला यायची. भली बाई, पण तोंडाला कुलूप नाही. त्या दिवशी मात्र ती जिन्यातच थांबली होती आणि शब्द जुळवत होती.

"रागावू नको. मी दोनला आले, हाक मारली, मावशींनी ओ दिली नाही. खुर्चीत होत्या. म्हणजे..." तिने मान हलवली. "होत्या गं. पण असं वाटलं की स्वेटरच बसवून ठेवलाय. मी डोळे चोळले. मग म्हणाल्या, आलीस का, बस. चष्म्याचा नंबर वाढला असेल माझा."

"असेल," चिमी म्हणाली.

आई खुर्चीतच होती. गाल नेहमीसारखे, केस नेहमीसारखे, हातात रुमाल. चिमीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जशी ती केंद्रातल्या माणसांना पाहायची. काहीतरी खटकत होतं आणि काय ते डोळ्यांना सापडत नव्हतं. मग सापडलं.

खुर्चीवरची उशी दबली नव्हती.

कापसाची जाड उशी, आईनेच शिवलेली. रोज तिच्या वजनाने मधोमध खड्डा पडायचा आणि ती उठल्यावरही तासभर तसाच राहायचा. आता आई त्या उशीवर बसली होती आणि उशी फुगलेली होती, नुकतीच झटकून ठेवल्यासारखी.

"अशी काय बघतेस? माझ्या तोंडाला काही लागलंय?"

"नाही. दमलीस का तू?"

"दमेन नाही तर काय." आईने डोळे मिटले. "किती ठिकाणी बसायचं एका माणसाने."

चिमी तिच्या पायाशी जमिनीवर बसली. आईचा हात हातात घेतला. मधल्या बोटावर शिवताना घालायच्या टोपणाचा जुना घट्टा होता, चाळीस वर्षांचा, खडबडीत, खराखुरा. त्यावर ती अंगठा फिरवत राहिली. हात उबदार होता. पण ती ऊब दुसऱ्या खोलीतून यावी तशी, लांबून येत होती.

५

तिसरं केंद्र, एक जास्त. चौथं, एक जास्त. पाचव्यात तिने बटणं टाकलीच नाहीत, बोटांवर मोजलं. तरी एक जास्त.

शुक्रवारी तिने कचेरीत साहेबांपुढे कागद ठेवले. साहेब निवृत्तीला आलेले, पेन्सिलीचं टोक तासत बसणारे, पण डोक्याने लख्ख.

"सगळीकडे वहीपेक्षा एक जास्त," ती म्हणाली. "मी वहीचाच आकडा लिहिलाय. पण दिसतंय एक जास्त."

"तुम्ही वहीचा आकडा लिहिलात?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग यात काय अवघड आहे? दुबार नोंद. एकाच माणसाचं नाव नातेवाइकांनी दहा ठिकाणी घालून ठेवलं असणार. मग तो माणूस इथेही थोडा, तिथेही थोडा. नवीन पोरींना शिकवताना तुम्हीच तर फळ्यावर लिहिता. काय ते?"

"एक माणूस, एक जागा," ती म्हणाली.

"हं. शोधा कुणाचं आहे ते आणि कापा. नाहीतर त्या माणसाची बेरीजच लागायची नाही कुठे."

साहेब बोलून गेले ते कागदाबद्दल. ते पुन्हा पेन्सिल तासायला लागले. मोजणीबाई तिथेच उभी राहिली. साहेबांनी दोनदा वर पाहिलं, तिसऱ्यांदा खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा कुठे ती बसली.

डोकं म्हणत होतं, हा खुळेपणा आहे. कागदावर नाव लिहिल्याने कुणी कुठे जात नाही. तसं असतं तर सरकारने आजवर किती माणसं कुठे कुठे धाडली असती. डोक्याचं म्हणणं तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली आणि रजेचा अर्ज टाकला.

६

अर्ज कापायचा म्हणजे प्रत्येक केंद्रात जाऊन यादीतली आपली ओळ शोधायची, तिच्यावर रेघ मारून घ्यायची आणि बाजूला सही करायची. शनिवारी चार झाली, सोमवारी तीन, मंगळवारी तीन.

"जागा नकोय?" मुख्य सेविकेने विचारलं, तीच, मांजरवाली. "तुमचा नंबर नववा आला होता. लोक जीव टाकतात हो नवव्या नंबरासाठी."

"खोटं लिहिलं होतं मी. बाकी दहा ठिकाणी पण अर्ज होते."

"सगळेच लिहितात."

"मी लिहायला नको होतं."

सेविकेने रेघ मारली आणि वही मिटली. मग जरा घुटमळून म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, चोवीस? नंतर आम्हीही दोनदा चोवीस कप भरले. का भरले कुणास ठाऊक. आणि तो कप रिकामा परत यायचा."

शनिवारी संध्याकाळी चिमी घरी आली तेव्हा उशीला मधोमध बशीएवढा खोलगट भाग पडला होता. सोमवारी तो थाळीएवढा झाला. मंगळवारी आई उठली तेव्हा खुर्ची करकरली, आणि त्या करकरीसाठी चिमीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून डोळे पुसले.

"रडतेस काय? खुर्चीला तेल घाल," आई म्हणाली. मग तिच्याकडे नीट पाहून, "कापतेस ना सगळीकडचं?"

चिमी तेलाची बाटली शोधायला वळली.

"मला कळत नाही असं समजू नकोस. विसरते, म्हणजे कळत नाही असं नव्हे. तुला नोकरी आहे, मी पडते, सगळं खरं. मला ठेवायचं असेल तर ठेव कुठेतरी, मी तोंड वाकडं करणार नाही. पण एका ठिकाणी ठेव, चिमे. आणि सगळीच्या सगळी ठेव. अशी तुकड्या-तुकड्यांनी वाटू नकोस."

"नाही वाटणार."

"किती राहिली?"

"एक."

"ती चांगली आहे," आई म्हणाली. "तिथे खिडकीतून झाडं दिसतात."

७

अकरावं केंद्र बसच्या शेवटच्या थांब्यावर, चढणीच्या टोकाला. बुधवारी सकाळी अकराला ती पोचली. लांब ओसरी, पुसलेली फरशी, औषधी साबणाचा वास. व्यवस्थापक तिला पाहताच उठून उभा राहिला, चेहरा आनंदाने फुललेला.

"बरं झालं आलात. फोन करणारच होतो. जागा निघाली. झाडांकडची खोली. आज होकार द्यायचा शेवटचा दिवस."

"मी नाव काढायला आलेय."

"नाव काढायला?" तो गोंधळला. "अहो, पण आई आल्यात ना तुमच्या. सकाळीच. मला वाटलं तुम्हीच सोडून खाली कागद करायला थांबलात."

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. वरची शेजारीण. आवाजात रडू. "मावशी नाहीत गं. दार आतून बंद होतं, मी किल्लीने उघडलं, खुर्ची रिकामी आहे. न्हाणीत नाहीत, कुठेच नाहीत. चप्पल पण नाही."

"तू तिथेच थांब," मोजणीबाई म्हणाली. "खुर्चीपाशी थांब. हलू नकोस."

मग ती व्यवस्थापकाकडे वळली. "यादी काढा. आता. रेघ मारा."

त्याने मारली. तिने सही केली. इतकी घाईची की पहिलीतल्या पोरीची वाटावी. आणि ती बसायच्या खोलीत गेली.

वहीत एकतीस माणसं होती. तिचा हात सवयीने खिशात गेला आणि चालता चालता बटणं पडत गेली. टवक्याचं पहिलं, मग एकेक. कुणी पेंगत होतं, कुणी पत्ते लावत होतं, एक म्हातारा तिला पाहून "डॉक्टर आल्या" म्हणाला. खोलीच्या टोकाला मोठी खिडकी होती, झाडांची. तिच्यापाशी दोन खुर्च्या. शेवटचं बटण पडलं तेव्हा ते तेहतिसावं होतं.

दोन जास्त. तिने ते ऐकलं, म्हणजे बटणावर बटण वाजलेलं ऐकलं, पण त्या घटकेला तिला एकाच पाठीशी देणंघेणं होतं. करडा स्वेटर. मानेवरचा अंबाडा, काल संध्याकाळी तिनेच बांधलेला.

"आई," ती मागूनच म्हणाली.

पाठ हलली नाही. मांडीवरच्या कापडावर नख फिरत होतं.

"आई, चल. मी आलेय न्यायला. सगळीकडचं कापलं."

तिने मागून हात पुढे केला. थोड्या वेळाने त्यात दुसरा हात आला. मधल्या बोटावर घट्टा. तिने तो घट्ट धरला आणि ती वळली, आणि पुढे चालू लागली, जत्रेत लहान पोराला ओढून न्यावं तशी, हात मागे ठेवून. तोंडाकडे पाहायचं धाडस तिला झालं नाही. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. एका आईचं नाव अकरा ठिकाणी घालणाऱ्या लेकीने कुठल्या तोंडाने वर बघायचं?

ओसरीत मागून उजवी चप्पल फरफटत होती. पायऱ्यांवर थांबत होती, पुन्हा फरफटत होती. उतरणीवर त्या हाताचा भार वाढत गेला. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. वाहकाने पाहिलं आणि त्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, हात मोकळा आहे. कधी सुटला ते कळलं नाही.

ती उरलेली गल्ली पळाली. चौपन्नाव्या वर्षी, कोटाच्या खिशात बटणं खुळखुळत.

दार उघडं होतं. शेजारीण भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. खुर्चीत आई होती. धापा टाकत होती. चपलांवर चढणीची लाल माती होती आणि उशी तिच्याखाली पार चेपून गेली होती.

"काय ती चाल तुझी," आई म्हणाली. "हात उपटून काढलास माझा."

८

शेजारीण चहा करून, दोनदा मागे वळून बघून, वर गेली. दुपारची वेळ होती. घरात ऊन नव्हतं, पण उजेड बरा होता. चिमी आईच्या पायाशी बसून तिच्या चपलांची माती फडक्याने पुसत होती. उद्यापासून काय करायचं ते तिने ठरवून टाकलं होतं. फिरतीचं काम दुसऱ्या कुणाला द्या आणि मला कचेरीत बेरजा तपासायला बसवा, असं साहेबांना सांगायचं. साहेब कुरकुरतील. कुरकुरू देत.

"आणि पुढे कधी ठेवावंच लागलं," ती म्हणाली, "तर आधी तुला विचारेन. आपण दोघी जाऊन एकच घर बघू."

"बघू." आईने चहाचा घोट घेतला. "त्या बाईला मात्र तिथेच ठेवून आलीस."

"कुठल्या बाईला?"

"माझ्या शेजारच्या खुर्चीवरची. तू बघितलंच नाहीस तिच्याकडे. सगळे केस पांढरे, पार कापूस. नाक तुझ्यासारखं, म्हणजे माझ्या सासूसारखं. ते नाक काही या घराण्याची पाठ सोडत नाही."

चिमीच्या हातातलं फडकं थांबलं. "काय करत होती ती?"

"मोजत होती. या खिशातून त्या खिशात, या खिशातून त्या खिशात. मी म्हटलं, बाई, चल आमच्याबरोबर, माझी लेक आलीये. तर म्हणते कशी, तुम्ही व्हा पुढे, माझं अजून मोजून व्हायचंय." आईने कप खाली ठेवला. "तुझ्याकडे बघत होती सारखी. प्रेमाने हो. निघताना हे दिलं मला. म्हणाली, पहिलं हे. हाताला लागतं."

आईने मूठ उघडली.

मोठं, तपकिरी बटण. कडेचा टवका उडालेला. पण त्या टवक्याला धार नव्हती. वर्षानुवर्षं बोटांनी चाचपून तो गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता आणि दोऱ्याची भोकं झिजून मोठी झाली होती.

चिमीचा हात आपल्या कोटाच्या डाव्या खिशात गेला. तिथे तेहतीस बटणांच्या तळाशी पहिलं बटण होतं. टवका नेहमीसारखा बोटाला टोचला.

दोन्ही बटणं आईच्या तळहातावर शेजारी शेजारी राहिली. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"सुई आण," आई म्हणाली.

"टोचेल तुला."

"चाळीस वर्षं टोचली. आण. आणि कोट काढ इकडे."

आईने पाचव्या खेपेला सुईत दोरा ओवला, दुहेरी केला, टोकाला गाठ मारली. कोटाच्या आतल्या बाजूला, छातीशी, तिने धारेचं बटण ठेवलं आणि त्यावर झिजलेलं, भोकावर भोक जुळवून.

"दोन कशी शिवतेस एकाच जागी?"

"दोन कुठली? एकच आहे ते," आई म्हणाली. "एकाच ठिकाणी असू दे."

सुई खाली जात होती, वर येत होती. प्रत्येक टाक्याला आई किंचित पुढे झुकत होती आणि खुर्ची करकरत होती. चिमी कोटाचं टोक धरून बसून राहिली. मग तिने दुसरा हात वर नेऊन हळूच आपली वेणी पुढे घेतली आणि उजेडात धरून पाहिली.

अजून निम्मी काळी होती.